लस टोचणाऱ्याचे अकरा कोरे दिवस

मी लस टोचतो. बकऱ्यांना, गायींना, म्हशींना. पावसाळ्याच्या तोंडावर जानेफळच्या आजूबाजूच्या गावांत माझी मोटारसायकल दिसली की बाया बकऱ्या पकडायला धावतात. मागच्या सीटवर बर्फाची पेटी, खिशात सुया आणि एका डबीत नीळ. बकरी टोचली की तिच्या कपाळाला निळीचं एक बोट लावायचं. मग ती कळपात कितीही मिसळली तरी कळतं, हिचं झालं. ही पद्धत माझ्या मायनं काढलेली आहे, कोणत्या पुस्तकात सापडणार नाही.

माझ्या गाडीच्या मडगार्डवर 'बी.एस्सी.' लिहिलेलं आहे. लोक हसतात. हसू द्या. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाप लवकर गेला. माय दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायची आणि घरी बकऱ्या पाळायची. मेहकरच्या कॉलेजातली माझी तीन वर्षं त्या बकऱ्यांवर निघाली. नंतर पशुधनाची पदविका केली, तीही त्यांच्यावरच. ती अक्षरं मी मिळवलेली आहेत आणि मी ती पुसणार नाही.

मी एचआयव्ही पॉझिटिव्हही आहे. ते पुसता येत नाही, पण त्याच्यासोबत नीट जगता येतं. मी जगतो आहे.

हे लिहितोय ते नुकताच रिपोर्ट हातात पडलेल्या माणसासाठी. त्यातही जास्त त्याच्यासाठी, ज्याच्या मोबाईलवर दर पंधरा दिवसांनी कोणीतरी पाठवतं की 'एचआयव्हीची लस निघाली'. मलाही आलं होतं. त्यापायी मी जे करून बसलो ते तुम्ही करू नये. माणसांची नावं बदलली आहेत. लिहिलेलं सगळं बायकोला, म्हणजे वंदनाला, वाचून दाखवलं. तिनं एक वाक्य खोडायला लावलं, बाकीचं राहू दिलं.

फोनवरचं थांबणं

जयंतीच्या दिवशी आमच्या गावात सकाळी विहाराजवळ रक्तदान शिबिर असतं आणि संध्याकाळी मिरवणूक. कॉलेजात असताना वहीत पहिलं नाव माझं असायचं. पुढं चार वर्षं पुण्याजवळ एका कोंबड्यांच्या कंपनीत लसीकरणाच्या कामाला होतो, तेव्हा खंड पडला. मग गावी परतलो, लग्न झालं आणि त्या वर्षी पुन्हा पहिलं नाव मीच लिहिलं. वंदना नवी नवरी, पायरीवर बायांमध्ये बसलेली. मी मुद्दाम तिला दिसेल अशी खाट धरली. एवढी हौस!

आठ-दहा दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला. मी एका म्हशीपाशी होतो, हात भरलेले, फोन खांद्यात दाबलेला.

"एकदा येऊन जा," पलीकडचा माणूस म्हणाला.

"सर्टिफिकेटचं काम आहे का?"

तो थोडा थांबला. मग म्हणाला, "या तुम्ही."

त्या थांबण्यातच मला कळायला पाहिजे होतं. जनावर वाचणार नसलं की मीही मालकाशी बोलताना असाच थांबतो.

तिथून तपासणी केंद्रात पाठवलं. पुन्हा रक्त घेतलं. समुपदेशक बाईंनी दार लोटलं, खुर्ची दिली आणि पहिला प्रश्न विचारला, "जेवलात का?" मी म्हणालो, "मॅडम, मी बी.एस्सी. आहे. सायन्सचा माणूस. सरळ सांगा." त्यांनी सरळ सांगितलं. सायन्सच्या माणसाला त्यातलं एक अक्षर समजलं नाही. त्या बोलत होत्या आणि मी त्यांच्या टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहत होतो. शेवटी त्यांनी तो ग्लास उचलून माझ्या हातात दिला. त्या दिवसातली तेवढीच गोष्ट मला स्पष्ट आठवते.

मेहकरच्या स्टँडवर जानेफळच्या तीन गाड्या मी सोडल्या. घरी काय तोंड घेऊन जायचं ते ठरत नव्हतं.

कुठून आला, हा प्रश्न पुढं ज्याला कळलं त्यानं विचारला. तुमच्याही मनात आला असेल. कोंबड्यांच्या कंपनीतल्या चार वर्षांतली ती गोष्ट आहे आणि ती वंदनाला सांगितलेली आहे. तिला सांगायला मी बांधील होतो. बाकी कोणाला नाही.

"मंग चाला"

तीन दिवस मी अर्ध्या जेवणावरून उठत होतो. चौथ्या दिवशी वंदना सुपात तूर निवडत बसली होती, तिनं सूप खाली ठेवलं.

"तुमी सांगता, का मी भावाले बोलावू?"

मी सांगितलं. सगळं. तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग एकच विचारलं.

"मले बी आहे काय?"

"तपासावं लागन."

"मंग चाला."

दुसऱ्या दिवशी गेलो. तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. लग्नाला आठ महिने झाले होते, तरी निगेटिव्ह. काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं होतं, तो रिपोर्टही पुढं निगेटिव्हच आला. पण त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात ती जी रडली, ती थांबेचना.

"रडायचं व्हतं तं काल काऊन नाही रडली?" मी विचारलं. विचारू नये ते विचारायची माझी खोड आहे.

"काल मले माहीत नव्हतं, कोनासाठी रडू."

त्यानंतर ती माहेरी वरवट बकालला गेली. पंधरा दिवस. मी फोन केला नाही, तिनंही केला नाही. एका दुपारी पिशवी घेऊन दारात उभी.

"मी तुमाले माफ नाही केलं," ती म्हणाली. "पन मी आली."

मायला मी सोपं करून सांगितलं, "रक्तात बिमारी आहे, जन्मभर गोळी घ्या लागन."

"साखरेसारखी?"

"तशीच धर."

"मंग तू काऊन रडून राह्यला? साखरवाले काय रोज रडतात? खाय गोळी."

पुढं हळूहळू तिला सगळं कळलं. तिचं म्हणणं मात्र बदललं नाही.

बाटलीतला कापूस

बुलडाण्याला एआरटी केंद्र आहे. तिथं महिन्याच्या महिन्याला गोळ्या मिळतात, फुकट मिळतात, आणि चांगल्या मिळतात. सुरुवातीला मला तिथली रांग नको वाटायची. सगळ्यांची तोंडं रुमालात. कोणी कोणाकडे पाहत नाही, पण प्रत्येक जण बघतो की आपल्या गावचं कोणी आहे का. तिसऱ्या खेपेला पुढच्या एका म्हाताऱ्यानं मागं वळून हळूच सांगितलं, "बाटलीत कापसाचा बोळा कोंबजो. मंग एसटीत वाजत नाही." एवढं बोलून पुन्हा समोर पाहायला लागला. माझ्या आजारपणात मिळालेला सगळ्यात कामाचा सल्ला तोच.

पहिले दोन आठवडे डोकं गरगरलं, चित्रविचित्र स्वप्नं पडली. नंतर ते थांबलं. तुमचंही थांबेल.

केंद्रातल्या डॉक्टर मॅडम तरुण आहेत, बोलायला स्पष्ट. वंदनानं पहिल्याच भेटीत त्यांना विचारलं, "आमाले लेकरू होईन काय?"

"होईल," मॅडम म्हणाल्या. "यांनी रोज गोळी घ्यायची, एकही दिवस न चुकता. रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत दिसत नाही. तो तसाच दबून राहिला तर यांच्याकडून तुम्हाला लागण होत नाही. मला लागोपाठ दोन रिपोर्ट स्वच्छ दाखवा. मग मूल होऊ द्या. तोवर काळजी घ्या."

दोन स्वच्छ रिपोर्ट. आमचं सगळं पुढचं आयुष्य त्या दोन कागदांवर येऊन थांबलं.

घरी आल्यावर वंदनानं बियाण्याच्या दुकानातून मिळालेलं कॅलेंडर चुलीच्या बाजूच्या भिंतीला टांगलं आणि माझ्या पेटीतली निळीची डबी त्याच्या खाली ठेवली. दिवेलागणीला गोळी घ्यायची आणि त्या तारखेच्या चौकोनात निळीचं बोट लावायचं.

"मी काय बकरी हाव काय?" मी म्हणालो.

"बकऱ्याइचं तं तुमी चुकू देत नाही," ती म्हणाली.

पहिला रिपोर्ट स्वच्छ आला. वंदनानं तो पातळात गुंडाळून कपड्यांच्या पेटीत ठेवला. दुसरा सहा महिन्यांनी होता.

यंदा पहिलं नाव कोणाचं?

मध्ये पुन्हा जयंती आली. शिबिराचं टेबल लागलं. माझा शाळेपासूनचा दोस्त संजय वही घेऊन उभा.

"काऊन बे, पहिलं नाव लिवत नाही काय यंदा?"

"बीपीची गोळी चालू हाय."

"अबे तुले बीपी? कशानं? बकरीनं लाथ मारली काय?"

सगळे हसले, मीही हसलो. मग मी मागच्या बाजूला जाऊन रक्त देऊन उठणाऱ्यांना चहा-बिस्कीट वाटत बसलो. मला त्या दिवशी जे लागलं, ते पॉझिटिव्ह रिपोर्टनं लागलं नव्हतं. पहिलं नाव लिहिणारा माणूस बिस्किटाच्या पुड्यावर आला होता. आणि खोटं बोलून.

त्याच आठवड्यात मोबाईलवर तो व्हिडिओ आला. लस निघाली, चाचण्या सुरू, माणसं पाहिजेत. पाठवणाऱ्याला माझं काही माहीत नव्हतं, त्यानं पन्नास जणांना पाठवला होता. मी व्हिडिओवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. मी शोधून इंग्रजी लेख वाचले. डिक्शनरी घेऊन वाचले. त्यांत खरंच लिहिलेलं होतं की चाचण्या चालू आहेत, काही माणसांच्या शरीरानं अपेक्षेप्रमाणे पहिली पावलं टाकली आहेत. बस. मला तेवढंच दिसलं. आजूबाजूचं 'अजून', 'सुरुवातीच्या टप्प्यात', 'बराच पल्ला' हे सगळं मी गाळून वाचलं. धंदाच लशीचा आहे ना माझा. लोकांना मी सांगत फिरतो, एकदा टोचा आणि बिनघोर राहा. आणि स्वतः मात्र रोज गोळी गिळतो. ते मला हरल्यासारखं वाटत होतं.

मी एका संशोधन संस्थेला मेल लिहिला. डिग्री लिहिली, लसीकरणाचा अनुभव लिहिला, बिमारी लिहिली. 'चाचणीसाठी कधीही यायला तयार आहे' असं लिहिलं आणि उत्तराची वाट पाहायला लागलो.

वाट पाहता पाहता तयारीही सुरू केली. ती चूक माझ्यासारखाच माणूस करू शकतो. आमच्या कामात एक नियम आहे. जनावराला अँटिबायोटिक चालू असलं तर काही लशी अंगात धरत नाहीत. म्हणून औषध बंद करून काही दिवस थांबायचं, मग टोचायचं. मालकाला हे मी शंभरदा समजावलेलं आहे. तोच नियम मी स्वतःला लावला. बोलावणं कधीही येईल, अंग मोकळं पाहिजे.

वंदना भावाच्या लग्नासाठी वरवट बकालला गेली होती. ती गेली त्या संध्याकाळी मी गोळी घेतली नाही.

काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. उलट हलकं वाटलं. ही बिमारी इथंच फसवते: गोळी बंद केल्यावर आपल्याला काहीच कळत नाही, कळतं ते फक्त तिला.

एक गोष्ट सांगतो, बढाई नाही. कॅलेंडरवर मी खोटं बोट लावलं नाही. वंदनाला कळू नये म्हणून लावता आलं असतं. दोनदा डबी उघडली. पण न टोचलेल्या बकरीला नीळ लावणारा माणूस मी नाही. चौकोन कोरे राहिले.

"मंग तू गोऱ्हा हाय"

बाराव्या दिवशी दुपारी वंदना परतली. लग्नातले बुंदीचे लाडू, नवं पातळ, हसतमुख. पिशवी ठेवायला चुलीकडे गेली आणि तिथंच थांबली. तिचं बोट चौकोनांवरून सरकताना मी पाहत होतो. ओठ हलत होते.

"अकरा," ती म्हणाली. "नीळ संपली व्हती काय?"

"नाही."

"मंग गोळ्या संपल्या?"

"नाही."

"मंग?"

मी सांगायला बसलो. लेख, चाचण्या, मेल, अंग मोकळं करायचा नियम. मला वाटलं होतं मी पटवून देईन. मी बोलतो चांगलं, ग्रामसभेत बोलतो. वंदना ऐकत होती आणि तिच्या हातातल्या पातळाचा बोळा होत चालला होता.

"दुसरा रिपोर्ट पुढच्या महिन्यात व्हता," ती म्हणाली. "तुमाले याद तरी व्हतं काय?"

माय अंगणात बकऱ्यांना पाला टाकत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. दारात येऊन टेकली.

"कशाची लस म्हने?"

"ह्या बिमारीची, माय. निघून राह्यली आता."

"आन् ते तुले टोचतीन?"

"हाव."

"तुले काऊन? तू तं बिमार हाय."

मी मोबाईलवरचा लेख काढून तिच्यापुढं धरला.

"लम्पी आली तव्हा गणपतच्या गोऱ्ह्याले गाठी आल्या व्हत्या," माय म्हणाली. "गणपत पाया पडून राह्यला व्हता, टोच म्हने, कायबी कर पन टोच. तू काय म्हनला त्याले? म्या तिथीच उभी व्हती. तू म्हनला, 'आता ह्याले लस टोचून काय उपेग? ह्याले दवाई. लस बाकीच्याइले, ज्याइले झाली नाही त्याइले.' म्हनला व्हता का नाही?"

"म्हनलो व्हतो."

"मंग तू गोऱ्हा हाय. लस निघाली तं ते वंदनाची. तुले दवाई. ते तू अकरा दिवस बंद केली." पाल्याची काडी तिनं माझ्याकडे रोखली. "मडगार्डावर काय लिवलं ते तं वाच!"

दुसऱ्या कोणत्या दिवशी आम्ही तिघं पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी कोणी हसलं नाही. वंदनानं बाटलीतून गोळी काढली, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि मी गिळेपर्यंत माझ्या गळ्याकडे पाहत उभी राहिली. मग त्या दिवसाच्या चौकोनात बोट तिनंच लावलं. दिवेलागणीला अजून तीन तास होते.

नक्कल कशाची करायची

दुसऱ्या दिवशी तिनंच मला बुलडाण्याला नेलं. डॉक्टर मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी रक्त घ्यायला सांगितलं आणि म्हणाल्या, "अशी मधूनच बंद केली की विषाणूला या औषधासमोर तग धरायला शिकायची संधी मिळते. तो शिकला असेल तर गोळी बदलावी लागेल. रिपोर्ट येईपर्यंत मी काही सांगू शकत नाही."

मग रजिस्टर मिटून त्यांनी मला विचारलं, "लम्पीला तुम्ही गायींना कोणती लस टोचली होती?"

"बकऱ्यांच्या देवीची."

"ती गायींना का चालली?"

"दोन्ही विषाणू नात्यातले आहेत. एकाची ओळख झाली की शरीर दुसऱ्यालाही ओळखतं."

"बरोबर. तुमचा धंदा ओळख करून द्यायचा आहे. आता हा विषाणू बघा. शरीरानं ओळखेपर्यंत हा चेहरा बदलतो. एकाच माणसाच्या अंगात याचे कितीतरी चेहरे असतात, जगभरात तर विचारूच नका. यातल्या कोणत्या चेहऱ्याची ओळख करून देणार?"

मॅडमनी दुसरं बोट मोजलं.

"दुसरं. देवी येऊन बरी झालेली माणसं असायची. त्यांना पुन्हा देवी यायची नाही. म्हणजे शरीर कसं जिंकतं, ते आपल्याला दिसत होतं. लशीत आपण त्याचीच नक्कल केली. यातून आपोआप साफ बरा झालेला माणूस जवळपास सापडत नाही. मग नक्कल कशाची करायची? आणि तिसरं, तुमच्या कितीतरी लशी म्हणजे जिवंतच पण दुबळा केलेला जंतू असतो. हा विषाणू शरीराच्या राखणदार पेशींच्याच पोटात जाऊन बसतो, तिथून निघत नाही. याला दुबळा करून निरोगी माणसाला टोचायची हिंमत कोण करेल?"

"मंग निघनच नाही काय?" वंदनानं विचारलं. ती आतापर्यंत बोलली नव्हती.

"तसं नाही, ताई. थायलंडमधल्या एका चाचणीत थोडं जमलं होतं. थोडंच, पण अशक्य नाही एवढं कळलं. तोच धागा धरून आफ्रिकेत मोठ्या चाचण्या झाल्या, त्या फायदा दिसेना म्हणून थांबवाव्या लागल्या. लोक निराश झाले, पण का जमलं नाही ते शिकले. आता शरीराला एकदम नाही, पायरीपायरीनं शिकवायचा प्रयत्न चालू आहे. पहिला डोस एक पायरी, दुसरा पुढची. कोरोनाच्या लशीचं तंत्रही त्यात वापरतात. काही जणांच्या अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्या, म्हणून जपून चाललंय. आणि सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं एक इंजेक्शन आलंय, लागण होऊ नये म्हणून. पण ती लस नाही, औषधच आहे. ते शरीराला काही शिकवत नाही, फक्त पहारा देतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ज्यांना लागण झालीय त्यांच्यासाठीच्या लशीवरही काम चालू आहे. त्यात कुठं गोळी थांबवलीच तर डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत, दर थोड्या दिवसांनी रक्त तपासत. मेहकर तालुक्यात एकट्यानं नाही."

परतीच्या गाडीत वंदना खिडकीकडे बसली होती. चिखली मागं पडल्यावर म्हणाली, "म्हंजे सद्या माही लस तुमची गोळीच हाय."

मी 'हाव' म्हणालो. तिनं मान खिडकीकडेच ठेवली.

अकरा दिवसांचं एक वर्ष

रिपोर्ट आला. विषाणू पुन्हा दिसायला लागला होता. थोडाच, पण दिसत होता. पेटीतल्या स्वच्छ कागदाचा उपयोग संपला होता. मोजणी पहिल्यापासून. मॅडमनी तीच गोळी चालू ठेवली आणि तीन महिन्यांनी बोलावलं.

ते तीन महिने आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. वंदना दिवेलागणीला गोळी, पाणी आणि नीळ माझ्यापुढं ठेवायची आणि निघून जायची. भांडली असती तर मी काही बोललो असतो. गल्लीतल्या बाया तिला विचारायच्या, "दोन वर्षं झाली, अजून काही नाही?" ती म्हणायची, "आमालेच नको सद्या." माझी चूक ती स्वतःच्या अंगावर घेत होती, ते मला दिसत होतं.

मधल्या काळात त्या मेलचं उत्तर आलं. फार सभ्य होतं. माझे आभार मानले होते आणि लिहिलं होतं की चाचणीसाठी संसर्ग नसलेली निरोगी माणसंच घेतात, चालू असलेले उपचार कृपया बंद करू नयेत. मी ते मायला मराठीत करून सांगितलं.

"मंग म्या काय सांगतलं व्हतं?" ती म्हणाली. "यवढ्यासाठी त्याइले इंग्रजी लागली?"

तीन महिन्यांनी रिपोर्ट स्वच्छ आला. मॅडम म्हणाल्या, नशीब चांगलं, विषाणू काही शिकला नाही. पुढं सहा महिन्यांनी दुसराही स्वच्छ. अकरा दिवसांपायी आमचं जवळपास एक वर्ष गेलं. दुसरा कागद हातात घेऊन वंदना व्हरांड्यात त्याच बाकावर बसली, जिथं ती पहिल्या दिवशी रडली होती. या वेळी रडली नाही. म्हणाली, "भूक लागली." आम्ही स्टँडवर दोन-दोन प्लेट भजे खाल्ले.

त्यानंतरच्या जयंतीला संजयनं पुन्हा वही पुढं केली. मी त्याला बाजूला घेतलं आणि खरं सांगितलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मग वही बगलेत मारून म्हणाला, "बीपी म्हने! साल्या, माह्याजवळ खोटं बोलला." बिस्किटाच्या टेबलावर तो दुपारपर्यंत माझ्याजवळ उभा राहिला, वही दुसऱ्याकडे देऊन. गावात आता अजून काही जणांना माहीत आहे. दोन घरांनी मला बकऱ्या टोचायला बोलवायचं बंद केलं. त्यातल्या एकानं यंदा परत बोलावलं. बाकीच्यांच्या बकऱ्या माझ्याच हातानं टोचल्या जातात आणि ठणठणीत आहेत.

कार्ड

आमची लेक आता साडेतीन महिन्यांची आहे. गरोदरपणात वंदनाचं रक्त पुन्हा पुन्हा तपासलं, प्रत्येक वेळी निगेटिव्ह. म्हणून लेकीला या बिमारीची काळजी नव्हतीच. माझ्याकडून तिला मिळालंय ते फक्त नाक.

मागच्या बुधवारी तिला अंगणवाडीत लस द्यायला नेलं. आयुष्यात किती जनावरं टोचली ते मला सांगता येणार नाही, पण सिस्टरनं तिच्या मांडीला सुई लावली आणि मी भिंतीवरच्या फळांच्या तक्त्याकडे पाहायला लागलो.

"पाह्य, पाह्य," माय सिस्टरला म्हणाली. "बी.एस्सी. घाबरला!"

घरी येऊन मी लेकीचं लसीकरणाचं कार्ड नीट वाचलं. माझी सवयच आहे ती. क्षयाची आहे, पोलिओची आहे, गोवराची आहे. एकेका ओळीमागं कोणीतरी किती वर्षं घातली असतील आणि किती वेळा हरलं असेल, ते आता मला थोडं कळतं. एक ओळ त्यात नाही. ती शोधणाऱ्यांच्या बऱ्याच चाचण्या पडल्या. पडू द्या, पुन्हा लावतील. माझी लेक कॉलेजात जाईल तोवर ती ओळ छापलेली असेल असं मला वाटतं, आणि ती आमच्या घरातली दुसरी पदवीधर असेल याची तर मला खात्रीच आहे.

चुलीजवळच्या भिंतीवर नवं कॅलेंडर आहे. त्याच्या शेजारच्या खिळ्याला ते जुनंही आहे. मी एकदा काढायला गेलो होतो. वंदना म्हणाली, "राहू द्या. ते अकरा दिसत राह्यले पाह्यजेत." ते तसंच आहे.

त्या बुधवारी संध्याकाळी लेक रडून रडून झोपली होती. मायनं तिला मांडीवर घेतलं, हात लांब करून कॅलेंडरखालची डबी ओढली आणि निळीचं एक बोट तिच्या कपाळाला लावलं.

"हिचं झालं," ती म्हणाली.

मग डबी माझ्याकडे सरकवली. बाहेर दिवे लागत होते.

"आता तुह्यं. घेतली काय गोळी?"

मी तांब्या उचलला.